अठरा जणांचे ‘बिग टेन’

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठांचा जो क्रीडासंघ १९१५ साली स्थापन झाला, १९५९ साली मोडून पुन्हा बांधला गेला आणि अखेरीस ‘पॅक-ट्वेल्व्ह’ या नावाने ओळखला जाऊ लागला, तो २०२३ सालच्या उन्हाळ्यात अवघ्या पाच-सहा आठवड्यांत विकला गेला. विकला गेला हाच शब्द येथे योग्य आहे. लॉस एंजेलिस येथील दोन बलाढ्य विद्यापीठांनी आदल्या वर्षीच, ३० जून २०२२ रोजी, मध्य-पश्चिमेकडील ‘बिग टेन’ या संघात जाण्याचे जाहीर केले होते. जुलै २०२३ मध्ये कोलोरॅडो ‘बिग ट्वेल्व्ह’कडे गेले. मग ४ ऑगस्टच्या शुक्रवारी एकाच दिवसात पाच विद्यापीठे बाहेर पडली. ऑरेगन व वॉशिंग्टन ‘बिग टेन’मध्ये, तर अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये. १ सप्टेंबर रोजी स्टॅनफर्ड व बर्कली यांना ‘अटलांटिक कोस्ट’ संघाने आश्रय दिला. पॅसिफिक महासागराच्या वाऱ्यावर वाढलेली ही दोन विद्यापीठे अशा रीतीने अटलांटिक किनाऱ्याची झाली. बारांपैकी उरली दोन : ऑरेगन राज्यातील कोर्वालिस या गावचे ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन राज्यातील पुलमन या गावचे वॉशिंग्टन स्टेट. १९१५ सालच्या चार संस्थापकांपैकी मूळ घरात राहिलेले ऑरेगन स्टेट हे एकटेच.

समाजवादी विचाराच्या साप्ताहिकात अमेरिकन विद्यापीठांच्या फुटबॉलला जागा कशासाठी, असा प्रश्न काही कार्यकर्ते मित्र विचारतील. त्यातून हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे कोल्हापुरात, गोव्यात किंवा कलकत्त्यात खेळतात तो नव्हे. लंबगोलाकार चेंडू हातात घेऊन धावण्याचा, शिरस्त्राण घालून एकमेकांवर आदळण्याचा हा खेळ आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. परंतु ज्या विद्यापीठांविषयी मी लिहीत आहे ती आपल्याला परकी नाहीत. जयप्रकाशजी १९२२ ते १९२९ या काळात अमेरिकेत शिकले ते प्रथम बर्कली येथे. तेथील फी परवडेनाशी झाली म्हणून ते आयोवाला गेले, पुढे विस्कॉन्सिनला, जेथे मार्क्सवादाशी त्यांचा परिचय झाला, आणि शेवटी ओहायो स्टेटला. यांपैकी शेवटची तिन्ही विद्यापीठे ‘बिग टेन’ची. आपल्या देशात कृषी विद्यापीठे उभी राहिली तेव्हा पंतनगरला इलिनॉय, लुधियानाला ओहायो स्टेट आणि राहुरीला पेनसिल्व्हेनिया स्टेट यांनी साहाय्य केले. तीही ‘बिग टेन’चीच. सार्वजनिक विद्यापीठ म्हणजे काय, याचा जो नमुना आपण डोळ्यांसमोर ठेवला, त्याच नमुन्याच्या घरात आज काय चालले आहे हे पाहणे मला कर्तव्य वाटते.

या घराचा पाया १८६२ सालच्या मॉरिल कायद्याने घातला. लिंकन यांच्या स्वाक्षरीने संमत झालेल्या या कायद्यानुसार प्रत्येक राज्याला, काँग्रेसमधील त्याच्या प्रत्येक सभासदामागे तीस हजार एकर या हिशेबाने, सरकारी जमीन मिळाली आणि तिच्या विक्रीतून शेतकी व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये निघाली. ती जमीन बव्हंशी मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, हे पातक त्या पायात आहेच. ते विसरून त्या कायद्याचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही. तथापि शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या मुलाला उच्च शिक्षण मिळावे हा त्याचा हेतू खरा होता. कोर्वालिस आणि पुलमन येथील विद्यापीठे याच कायद्याची अपत्ये आहेत.

शेजारच्या विद्यापीठांनी एकत्र येऊन जो स्पर्धासंघ करावयाचा त्याला तेथे ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. नियम सर्वांना एक, सामने आळीपाळीने एकमेकांच्या गावी, आणि सामाईक उत्पन्नाची वाटणी सभासदांनी मिळून ठरवावयाची. सहकाराच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही परस्पर-साहाय्यक संस्था होती. मोठ्या शहरातील विद्यापीठाला लहान गावातील विद्यापीठाची गरज असते, कारण एकटा संघ कितीही बलवान असला तरी त्याला स्वतःशी खेळता येत नाही. अर्थशास्त्रात ज्याला संयुक्त उत्पादन म्हणतात त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. सामना ही वस्तू दोघांनी मिळून निर्माण केलेली असते. मग तिची किंमत एकट्याच्या नावावर का जमा व्हावी? सगळा वाद या एका प्रश्नाचा आहे.

१९८४ पर्यंत या प्रश्नाला एक उत्तर होते. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा-संघटना टेलिव्हिजनवरील प्रक्षेपणाचे हक्क सर्वांच्या वतीने विकीत असे आणि कोणत्या संघाचे किती सामने दाखवावयाचे यावर मर्यादा घालीत असे. ही व्यवस्था न्याय्य होती असे नव्हे. ती संघटना स्वतःच एक मक्तेदारी मंडळ होती. ओक्लाहोमा व जॉर्जिया यांनी तिच्याविरुद्ध दावा लावला आणि २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो मान्य केला. विरोधी मत लिहिले न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी. ते स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामवंत फुटबॉलपटू होते. विद्यापीठांचे खेळ हा निव्वळ व्यापार समजून बहुमताने निकाल दिला आहे, असा त्यांचा आक्षेप होता. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर असेल. व्यवहाराच्या दृष्टीने व्हाइट बरोबर ठरले. एक मोठी मक्तेदारी मोडली आणि तिच्या जागी खुली स्पर्धा येण्याऐवजी पाच-सहा लहान मक्तेदाऱ्या आल्या. मग त्यांनी एकमेकींना गिळावयास प्रारंभ केला. आज वस्तुतः दोनच उरल्या आहेत : ‘बिग टेन’ आणि आग्नेयेकडील ‘एसईसी’. नाव ‘बिग टेन’ आणि सभासद अठरा!

हे गिळणे कशाच्या आधारे झाले ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथेच चाहत्यांची फसगत होते. चाहत्याला वाटते की संघ उत्तम खेळला तर मोठ्या कॉन्फरन्सचे निमंत्रण येईल. रटगर्स विद्यापीठाचे उदाहरण घ्या. न्यू जर्सीतील या विद्यापीठाने १८६९ साली प्रिन्स्टनविरुद्ध खेळलेला सामना हा अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना मानला जातो आणि तो त्यांनी जिंकलाही. त्यानंतर मात्र राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या जवळपासही हा संघ क्वचितच गेला. तरी २०१४ साली मेरिलँडसह त्याला ‘बिग टेन’ने घेतले. का? तर २००७ साली या कॉन्फरन्सने फॉक्स कंपनीच्या भागीदारीत स्वतःची वाहिनी काढली होती. केबलवाला प्रत्येक ग्राहकामागे वाहिनीला दरमहा काही रक्कम देतो, आणि ज्या प्रदेशात कॉन्फरन्सचा सभासद असेल तेथे हा दर कितीतरी चढा असतो. रटगर्स आले म्हणजे न्यूयॉर्कच्या परिसरातील केबल-ग्राहक आले. त्या ग्राहकांपैकी कित्येकांनी जन्मात फुटबॉल पाहिला नसेल. त्यांची दरमहाची वर्गणी मात्र वाढली. एखाद्या गावावर जकात बसवावी आणि गावाला तिचा पत्ताही लागू नये, तसा हा प्रकार. रटगर्सच्या खेळाडूंचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

पुढे लोक केबल सोडू लागले. मग घरांच्या मोजणीऐवजी प्रेक्षकांची मोजणी आली आणि लॉस एंजेलिसचा भाव चढला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ‘बिग टेन’ने फॉक्स, सीबीएस व एनबीसी यांच्याशी सात वर्षांसाठी केलेला करार सातशे कोटी डॉलरच्या घरात जातो असे तेव्हा सांगितले गेले. उलट ‘पॅक-ट्वेल्व्ह’च्या चालकांपुढे वर्षभराने जो शेवटचा मोठा प्रस्ताव आला तो अ‍ॅपल कंपनीचा होता, आणि त्यातील उत्पन्न वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून होते. तो पुढे येताच पळापळ झाली. ऑरेगन व वॉशिंग्टन ‘बिग टेन’मध्ये सुमारे निम्म्या वाट्यावर गेली. स्टॅनफर्ड व बर्कली यांनी ‘अटलांटिक कोस्ट’मध्ये टेलिव्हिजन-उत्पन्नाचा केवळ तीस टक्के वाटा पत्करला. डॅलसचे सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठ तर नऊ वर्षे या उत्पन्नातील छदामही न घेण्याच्या अटीवर त्याच कॉन्फरन्समध्ये शिरले. त्याच्या मागे धनाढ्य देणगीदार उभे होते. निम्म्या मजुरीवर, पाव मजुरीवर, फुकट : कारखान्याच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या बदली कामगारांची ही रांग आपल्या परिचयाची आहे. फरक इतकाच की या रांगेत कुलगुरू उभे होते.

आणि चाहते काय बोलत होते? माझे काही माजी विद्यार्थी मिशिगन, इंडियाना, कॅलिफोर्निया अशा राज्यांत स्थायिक आहेत. त्यांची मुले तेथील विद्यापीठांत शिकतात आणि शनिवारचा सामना त्यांच्या घरात सणासारखा पाळला जातो. त्यांपैकी एकाने मला मोठ्या उत्साहाने समजावले : “सर, आम्ही आणखी दोन विद्यापीठे घ्यायला हवीत. फ्लोरिडाची बाजारपेठ आपल्याकडे नाही, आणि अमुक विद्यापीठ घेतले तर प्रत्येकाचा वाटा उलट कमी होईल.” मी त्याला विचारले, “आम्ही म्हणजे कोण? त्या वाट्यातील किती डॉलर तुझ्या घरी येतात?” तो हसला, पण विषय सोडून त्याने पुन्हा बाजारपेठेचाच हिशेब मांडला. हा एकट्या त्याचा दोष नाही. ज्या चर्चेत पूर्वी अमक्याचा बचाव कच्चा, तमक्याची फेक अचूक, पुढल्या वर्षी आपल्याला कोणाच्या गावी जाऊन खेळायचे आहे, असे विषय असत, तीत आता करारांच्या मुदती, बाहेर पडण्याचा दंड आणि प्रेक्षकसंख्येचे आकडे आहेत. प्रेक्षक मालकाच्या जमाखर्चाची वही वाचू लागला आहे, तीही मालकाच्या बाजूने. नफा मालकाचा आणि चिंता प्रेक्षकाची, अशी ही श्रमविभागणी होय.

चाहत्यांच्या या हिशेबात एक साधे गणितही सुटते. विस्ताराने ‘आपला संघ’ बलवान होतो असे ते धरून चालतात. परंतु अठरा संघांनी परस्परांत प्रत्येकी नऊ सामने खेळावयाचे तर सामने होतात एक्याऐंशी, विजय एक्याऐंशी आणि पराजयही एक्याऐंशीच. सातशे कोटी डॉलर ओतले तरी ब्याऐंशीवा विजय निर्माण होत नाही. प्रत्येकाने अधिक खर्च करावयाचा आणि सर्वांनी मिळून जागच्या जागी राहावयाचे, असे या शर्यतीचे स्वरूप असते. वॉशिंग्टनचा संघ ‘पॅक-ट्वेल्व्ह’च्या अखेरच्या हंगामात चौदा सामने ओळीने जिंकून राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. पुढल्याच वर्षी ‘बिग टेन’मध्ये त्याचे सहा विजय आणि सात पराजय झाले. प्रशिक्षक व मुख्य खेळाडू निघून गेले हे त्याचे मोठे कारण होते हे खरे; पण नवे धन आणि नवा मान मिळाल्याने खेळ सुधारतो हा समज तेथे टिकला नाही. लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठाने त्या वर्षी पाच सामने जिंकले आणि सात गमावले. ऑरेगनने मात्र कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळविले. कोणी तरी वर गेले म्हणजे कोणी तरी खाली जाणारच. हे कळावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

मग मैदानावरील कामगिरीला मोल आहे तरी कोठे? फ्लोरिडा स्टेटचा संघ २०२३ साली तेरापैकी तेरा सामने जिंकून आपल्या कॉन्फरन्सचा विजेता झाला. ३ डिसेंबर रोजी निवड समितीने राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या चार संघांत त्याला स्थान दिले नाही. मुख्य खेळाडू जखमी झाल्यामुळे संघ पूर्वीचा राहिला नाही, असे कारण देण्यात आले. एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतले. जखमी खेळाडूंच्या जागी बदली घेऊन खेळलेल्या फ्लोरिडा स्टेटने दोन सामने त्यानंतरही जिंकले होते, हे समितीला पुरेसे वाटले नाही. यावर त्या विद्यापीठाने अपमानित कार्यकर्त्याप्रमाणे तत्त्वाचा लढा उभारला असता तर मी त्याचे अभिनंदन केले असते. त्याने काय केले? तीन आठवड्यांच्या आत स्वतःच्याच कॉन्फरन्सवर दावा लावला. आपल्याला अधिक पैसा मिळावा किंवा स्वस्तात बाहेर पडता यावे ही त्याची मागणी होती. मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली ती अशी की टेलिव्हिजन-उत्पन्नाचा मोठा भाग यापुढे ज्याच्या-त्याच्या प्रेक्षकसंख्येनुसार वाटावयाचा. प्रत्येकाला त्याच्या गरजेनुसार, हे आपले जुने सूत्र. प्रत्येकाला त्याच्या कामानुसार, हे त्याअलीकडचे. आणि प्रत्येकाला त्याच्या प्रेक्षकांनुसार, हे नवे.

वरच्या थरावर तर हेही सोंग उरलेले नाही. राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेचे प्रक्षेपण-हक्क २०२६ पासून सहा वर्षांसाठी ईएसपीएन कंपनीला वर्षाला सुमारे १३० कोटी डॉलरला देण्यात आले. त्या उत्पन्नाचे वाटप मार्च २०२४ मध्येच ठरले. ‘बिग टेन’ व ‘एसईसी’ यांना प्रत्येकी सुमारे एकोणतीस टक्के, ‘अटलांटिक कोस्ट’ला सतरा, ‘बिग ट्वेल्व्ह’ला पंधराच्या आसपास, आणि उरलेल्या पाच कॉन्फरन्सेसना मिळून नवाच्या आसपास. चेंडू हातात येण्याच्या दोन वर्षे आधी निकाल लागला. जमीनदाराचा खंड पीक येण्यापूर्वीच ठरावा, तसेच हे आहे.

या व्यवहाराच्या समर्थकांचा पहिला युक्तिवाद असा की फुटबॉलच्या पैशावर पोहणे, कुस्ती, मुलींचे खेळ आणि इतर सर्व गरीब खेळ जगतात. युक्तिवाद सर्वस्वी खोटा नाही, म्हणूनच तो अधिक घातक आहे. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने हेच कारण सांगितले होते; त्याच्या क्रीडा-विभागाला वर्षानुवर्षे कोट्यवधी डॉलरची तूट येत होती. पण उपाय काय झाला? तेथील मुलींच्या संघांनाही आता कॉन्फरन्सच्या सामन्यांसाठी सुमारे चार हजार किलोमीटरवरील न्यू जर्सीला विमानाने जावे लागते, तीन तासांच्या वेळेचा फरक सोसून परत येऊन वर्गात बसावे लागते. ज्या खेळांच्या नावाने हा करार झाला, त्यांच्याच वाट्याला त्याचा शीण आला. आणखी एक गंमत. हे विद्यापीठ व बर्कली एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन शाखा, दोहोंवर नियामक मंडळ एकच. एका भावाच्या जाण्याने दुसऱ्याचे नुकसान झाले म्हणून त्या मंडळाने थोरल्या उत्पन्नाच्या भावाने दुसऱ्याला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत असे ठरविले. आईने दोन मुलांच्या भांडणात एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात घालावे, आणि घर विकणाऱ्याला मात्र काही विचारू नये!

गरीब खेळांविषयी इतका कळवळा असलेल्यांनी पैसा जातो कोठे हेही सांगावे. टेक्सस ए अँड एम या सार्वजनिक विद्यापीठाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी काढले. शिल्लक कराराची भरपाई सुमारे साडेसात कोटी डॉलरची ठरली, ती देखील त्याने यापुढे काम न करण्याबद्दल. अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत सर्वाधिक वेतन घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसतो, न्यायाधीश नसतो, शल्यचिकित्सक क्वचितच असतो. तो फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो.

आता ज्यांच्या देहावर हा सगळा डोलारा उभा आहे त्यांच्याकडे वळू. १९५० च्या दशकात कोलोरॅडोतील एका छोट्या महाविद्यालयाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार बसून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार-नुकसानभरपाईची मागणी केली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे त्याचे म्हणणे पडले. याच काळात राष्ट्रीय संघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा जोडशब्द प्रचारात आणला. तो आणणारे वॉल्टर बायर्स १९५१ पासून १९८८ पर्यंत त्या संघटनेचे मुख्य अधिकारी होते, आणि निवृत्तीनंतर १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांनी स्वतःच्या व्यवस्थेवर कठोर टीका केली. शब्द निरुपद्रवी दिसतो. त्याचे काम मात्र पक्के होते : कामगार म्हणावे तर तो विद्यार्थी आहे, आणि विद्यार्थी म्हणून वेळ मागितला तर तो खेळाडू आहे. १९७३ साली शिष्यवृत्तीची मुदत एका वर्षावर आणली गेली. दरवर्षी नूतनीकरण प्रशिक्षकाच्या मर्जीवर. हंगामी मजुराला दरसाल मुकादमापुढे उभे करण्याचा हा कायदेशीर प्रकार होता. त्या मैदानावर घाम गाळणाऱ्यांत कृष्णवर्णीय तरुणांचे प्रमाण किती मोठे आहे, आणि त्याच विद्यापीठांच्या वर्गांतून ते किती लहान आहे, हे अमेरिकेत जाऊन आलेल्या कोणालाही दिसते.

२०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने, या वेळी एकमताने, शैक्षणिक लाभांवरील मर्यादा बेकायदा ठरविल्या. त्याच वर्षी खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे मिळविण्याची आणि एकदा विद्यापीठ बदलण्याची मोकळीक मिळाली. लगेच ओरड सुरू झाली : मुले बेइमान झाली, निष्ठा उरली नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाने विद्यापीठ बदलले तर तो बेइमान. विद्यापीठाने शंभर वर्षांचे सोबती एका शुक्रवारी सोडले तर ती दूरदृष्टी! ओक्लाहोमा व ओक्लाहोमा स्टेट शंभराहून अधिक वेळा एकमेकांशी खेळली. ओक्लाहोमा ‘एसईसी’मध्ये जाणार म्हणून नोव्हेंबर २०२३ नंतर ती परंपरा खंडित झाली. त्या राज्यात असे कित्येक संसार असतील की ज्यांत नवरा एका संघाचा आणि बायको दुसऱ्याची. ती वार्षिक लढाई कोणा खेळाडूच्या बेइमानीने बंद पडली नाही.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मोठी तडजोड मान्य केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यावयाचे, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकेल, पहिल्या वर्षी कमाल सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. आपल्यापैकी काहींना हा विजय वाटला. मला तो अर्धाच वाटतो. ‘कमाल’ हा शब्द पाहा. सर्व खरेदीदारांनी मिळून श्रमाच्या किमतीवर कमाल मर्यादा घालावयाची, आणि विकणाऱ्यांच्या बाजूने वाटाघाट करणारी संघटनाच नाही. खरेदीदाराच्या मक्तेदारीचे जे विवेचन जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली केले, ते मी तीस वर्षे वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकविले. इतके शुद्ध उदाहरण मला त्या काळात मिळाले नव्हते. व्यावसायिक संघांतही वेतनाची कमाल मर्यादा असते, परंतु तेथे ती खेळाडूंच्या संघटनेशी करार करून ठरते. येथे ती बहाल केलेली आहे.

आपल्या पुरोगामी वर्तुळातील दुसऱ्या एका वृत्तीविषयीही लिहिले पाहिजे. हे सगळे थोतांड आहे, लोकांना भुलविण्याची अफू आहे, विद्यापीठांनी खेळ बंद करून टाकावेत, असे म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांचे आदर्श रॉबर्ट हचिन्स. शिकागो विद्यापीठ ‘बिग टेन’चे संस्थापक सभासद होते, तेथील फुटबॉल हचिन्स यांनी १९३९ साली बंद केला आणि १९४६ साली विद्यापीठ कॉन्फरन्समधूनही बाहेर पडले. ओस पडलेल्या त्या क्रीडांगणाच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी जगातील पहिली नियंत्रित अणु-साखळीक्रिया घडविण्यात आली. खेळ बंद केल्याने विद्यापीठ निष्पाप होते असे ज्यांना वाटते त्यांनी हा योगायोग ध्यानात ठेवावा. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. रॉकफेलरच्या देणगीवर उभ्या राहिलेल्या विद्यापीठाला खेळ सोडणे परवडते. पुलमनसारख्या तीसेक हजार वस्तीच्या गावात शनिवारी जे माणसांनी फुलून जाते ते मैदान त्या गावाचे सार्वजनिक स्थान आहे. गहू पिकविणारा शेतकरी, विद्यापीठातील सफाई-कामगार आणि प्राध्यापक तेथे एका बाकावर बसतात. मिशिगनच्या मैदानात एक लाख सात हजारांवर माणसे बसतात. एवढी माणसे स्वखुशीने एकत्र येतात त्या जागेकडे समाजवाद्याने नाक मुरडून पाहणे हा अभिजनांचा अहंकार झाला. त्यांचे प्रेम खोटे नाही. त्या प्रेमाचा लिलाव होत आहे.

हा लिलाव कोठवर जाईल याची चुणूकही दिसू लागली आहे. २०२५ साली ‘बिग टेन’च्या व्यापारी हक्कांतील हिस्सा दोनशे चाळीस कोटी डॉलरला एका गुंतवणूक-निधीला विकण्याचा प्रस्ताव पुढे आला. मिशिगन व दक्षिण कॅलिफोर्निया यांनी विरोध केला. तो विरोध कितपत तत्त्वाचा आणि कितपत स्वतःचा भाव वाढविण्यासाठी, याविषयी मी आशावादी नाही.

मागे राहिलेल्या दोघांची कथा तर उद्बोधक आहे. ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट यांनी न्यायालयात धाव घेऊन ‘पॅक-ट्वेल्व्ह’ची सूत्रे आणि शिल्लक मालमत्ता आपल्या हाती राखली. येथवर आपली सहानुभूती त्यांच्याकडे. पुढे त्यांनी काय केले? संघ पुन्हा उभारण्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये शेजारच्या ‘माउंटन वेस्ट’ या अधिक दुबळ्या कॉन्फरन्समधून बॉयसी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट व सॅन दिएगो स्टेट आणि पाठोपाठ युटा स्टेट यांना फोडले. सभासद फोडल्यास दंड देण्याचा करार त्यांनी त्या कॉन्फरन्सशी केलेला होता. तो दंड बेकायदा असल्याचा दावाही त्यांनीच लावला. लुटला गेलेला प्रवासी पुढल्या वळणावर त्याच वाटमारीला उभा राहतो. यात कोणाचा स्वभाव वाईट नाही. प्रत्येकाने एकट्याने सुटका शोधावयाची असा नियम असला की शेवटचा माणूस त्याच्याहून शेवटच्याला शोधतो.

म्हणून नैतिक उपदेशाने हे थांबणार नाही. प्रक्षेपण-हक्क सर्व विद्यापीठांनी एकत्र विकावेत आणि त्याला काँग्रेसने कायद्याचे संरक्षण द्यावे, अशी मागणी तेथे काही जण करीत आहेत. व्यावसायिक फुटबॉलला असे संरक्षण १९६१ सालच्या कायद्याने मिळालेलेच आहे. ही मागणी योग्य आहे. पण खेळाडूंची संघटना बरोबर नसेल तर १९८४ पूर्वीचीच मक्तेदारी नव्या नावाने परत येईल. एकत्र विक्री आणि सामुदायिक वाटाघाट या दोन मागण्या एकत्रच केल्या पाहिजेत. दुसरीसाठी झालेले प्रयत्न आजवर फसले आहेत. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंना २०१४ साली श्रम-मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने कामगार ठरविले. पुढल्या वर्षी मंडळाने या प्रकरणात हात घालण्याचेच नाकारले. मार्च २०२४ मध्ये डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी तेरा विरुद्ध दोन मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, वॉशिंग्टनमध्ये सत्ताबदल तोंडावर आला असता, प्रतिकूल निर्णयाच्या भीतीने तो अर्ज मागे घेण्यात आला. ही दोन्ही विद्यापीठे खाजगी. सार्वजनिक विद्यापीठांतील खेळाडूंचा प्रश्न राज्यांच्या कायद्याखाली येतो, आणि मिशिगन व ओहायो या दोन राज्यांनी २०१४ सालीच कायदे करून ठेवले की विद्यापीठाचा खेळाडू हा सार्वजनिक कर्मचारी समजला जाणार नाही. ज्या ओहायो राज्याच्या विद्यापीठातून जयप्रकाशजी पदवी घेऊन बाहेर पडले, त्याच्या संघाने जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले, आणि लाखो लोकांनी उत्सव केला. त्या लाखोंमध्ये मोटार-कामगार आहेत, शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, आणि त्यांतील अनेकांच्या खिशात स्वतःच्या युनियनचे कार्ड आहे. २०१४ चा तो कायदा रद्द करा, एवढी एक मागणी पुढल्या हंगामापूर्वी त्यांनी आपल्या आमदारापुढे ठेवावयाची आहे.